उकंडाच्या वाटीत फेस येईना

उकंडा आमच्या गावात नळाला पाणी सोडायचा. मारेगावकडच्या कापसाच्या पट्ट्यात आमचं लहानसं गाव आहे. त्याचं घर माझ्या घराला लागूनच. मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त होऊन गावात परत आलो, तेव्हापासून सकाळी दार उघडलं की पहिला तोच दिसायचा, ओट्यावर आरसा टेकवून दाढीला बसलेला.

त्याची दाढी बघण्यासारखी असायची. आधी गरम पाण्यात पंचा पिळून तो तोंडावर दाबून धरायचा. तोवर ब्रश पाण्यात भिजत असायचा. तो काढून हलकेच झटकायचा आणि पितळेच्या वाटीत साबणाच्या वडीवर गोल गोल फिरवत राहायचा. मधूनच बोटांनी पाण्याचे थेंब टाकायचा.

"पानी एकदम नाही घालाव, वामनभाऊ," मला म्हणायचा. "साबन मांगन तेवढंच द्याव. जास्त देलं का तो माजते, कमी देलं का रुसते."

फेस असा घट्ट व्हायचा की वाटी उपडी केली तरी खाली पडायचा नाही. मग डाव्या हातानं गालाची कातडी ताणून, वस्तरा निजवून धरून, केस जसे उगवतात तसा तो खाली ओढायचा. पुन्हा फेस लावून एकदा आडवा. उलटा हात कधी मारायचा नाही. उलट्या हातानं गाल रागावतो, असं त्याचं म्हणणं.

वस्तरा त्याच्या बापाचा होता. बापाच्या काळी गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडाला हात लावत नसे. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतर उकंडाच्या बापानं वणीच्या जत्रेतून हा वस्तरा आणला. आधी स्वतःचे गाल कापून घेतले, मग हात बसला, आणि पुढं वस्तीतल्या सगळ्यांच्या दाढ्या त्यानं केल्या. माझी पहिली दाढीही त्यानंच केली होती. नंतर काळ बदलला. गावात खुर्चीचं सलून झालं, तिथं सगळ्यांची दाढी होते. मीही तिथंच जातो. उकंडा मात्र कधी गेला नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "दुसऱ्याच्या हातानं मले गुदगुल्या होतात." ते खरं की आणखी काही होतं, ते मला कधी कळलं नाही.

ही गोष्ट सन दोन हजार सहाच्या आसपासची. त्या उन्हाळ्यात गावात नवी बोअर लागली, टाकी उभी राहिली आणि घरोघरी नळ आले. तोवर बाया नाल्यापलीकडच्या जुन्या विहिरीवरून पाणी आणत. टाकीची चावी उकंडाच्या हाती आली. पहिल्यांदा नळ सुटला त्या सकाळी तो पांढरा सदरा घालून दारोदार फिरला. "आलं का पानी? मस्त हाय ना?" असं प्रत्येक घरी विचारत होता. पाणी जणू त्यानंच जमिनीतून ओढून काढलं होतं. कोणी नाव ठेवलं तर त्याला खपत नसे. एका बाईनं कपड्याचा साबण फार झिजतो म्हटलं, तर त्यानं तिला दुकानदाराचं नाव विचारलं. दुसरीनं डाळ शिजत नाही म्हटलं, तर म्हणाला, "रेशनची डाळ असन. पान्याले काय दात हायेत?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या वाटीत फेस येईनासा झाला.

ब्रश फिरवून फिरवून त्याचं मनगट दुखायचं. वाटीत पांढरट पाणी आणि वर फाटक्या दुधासारख्या कण्या. गालावर लावलं की क्षणात सुकायचं. तसाच वस्तरा ओढला की गाल पेटायचा. मानेवर पुरळ उठलं. आधी साबण नकली निघाला असं त्याला वाटलं. त्यानं साबण बदलला. मग ब्रशचे केस मेले असं वाटलं. मग म्हणाला, वय झालं की गालातलं तेल आटतं. मी त्याला साबणात हळद घालून बघ म्हटलं. का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. त्यानं ते करून बघितलं आणि दोन दिवस पिवळा फिरला.

शेवटी त्यानं दाढी करणंच सोडलं. गाल बरा होईपर्यंत राहू दे, म्हणाला. पांढरे खुंट वाढले, मग दाढी वाढली. उकंडाच्या तोंडावर दाढी आम्ही कोणी कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या एखाद्या साली कोणाचं लक्ष गेलं नसतं. पण ते साल वेगळं होतं. कापूस घरात पडून होता, आजूबाजूच्या गावांतून रोज काहीतरी ऐकू यायचं. कोणाच्या घरी मयत झाली म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे. गाड्या यायच्या, साहेब उतरायचे, फोटो काढणारे यायचे. माणूस जरा गप्प बसला की घरातले एकमेकांकडे बघायचे. इतरांची दाढी वाढली तर सुतक असेल असं तरी म्हणता येतं. आमच्यात सुतक पाळत नाहीत. त्यामुळे उकंडाच्या दाढीला कारणच सापडेना.

त्यात एका संस्थेची मुलगी आली. उर्वशी तिचं नाव, यवतमाळची, बोलायला गोड. तिनं विहारात बायांची बैठक घेतली. घरातला माणूस मनानं खचला तर कसा ओळखायचा, ते तिनं समजावून सांगितलं. तो कमी बोलतो, कमी जेवतो, अंघोळ-दाढीकडे लक्ष देत नाही. असं दिसलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर ठेवा. सगळं बरोबरच होतं. त्या सांगण्यानं कुठं कुठं माणसं वाचलीही असतील.

उकंडाची बायको सत्यभामा त्या बैठकीत पुढं बसली होती. संध्याकाळी ती माझ्या दारात आली. पदराखालून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून तिनं माझ्या हातात दिली.

"भाऊजी, हे तुमच्याजोळ ठेवा. त्याइले देजा नका."

फडक्यात वस्तरा होता. मी म्हटलं, "अवो वहिनी, त्याले काही झालं नाही. त्याच्या साबनाले फेस येऊन नाही राह्यला, एवढंच."

"तुमाले पक्कं ठाव हाय?"

मला पक्कं ठाऊक नव्हतं. मी वस्तरा पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा आला.

"वस्तरा तुह्याजोळ हाय ना?"

"हाय."

"दे."

"वहिनी नाही म्हनते."

"वस्तरा माहा हाय का तिचा?"

"तुहा."

"मंग दे."

"वहिनी नाही म्हनते ना बाप्पा!"

तो जायला वळला. मग म्हणाला, "कंडक्टर होता तू. उतरू देलं नाही का पॅसेंजर बसलाच राहाते." आणि निघून गेला. मी दिवसभर त्या बोलण्याचा अर्थ लावत बसलो. टोमणा होता की तक्रार होती, कोण जाणे.

मग सगळं गावच विचित्र वागायला लागलं. टाकी भरून वाहिली तरी त्याला कोणी शिव्या देईना. ज्या बाया नळावर त्याच्याशी भांडायच्या त्या त्याला चहा पाजू लागल्या. मुलगा धम्मदीप राजूरला कोळशाच्या खाणीवर कामाला होता. तो फोन करून आईला सांगायचा, बाबाले एकटं सोडू नको. सरपंच शंकरसिंगांनी तर त्याला टाकीच्या शिडीवर चढायलाच मनाई केली. "दाढी-गिढी कर, माणसात ये, मग चढ," म्हणाले. दाढी केली की टाकी मिळणार, वस्तरा मिळाला की दाढी होणार, आणि दाढी वाढलेली असेतो वस्तरा मिळणार नाही. उकंडा मला म्हणाला, "मले वावर ना शिवार. मले खचाले जागा तरी कोठी हाय?" मी हसलो. मग वाटलं, हसायला नको होतं.

उर्वशी त्याला भेटायला आली तेव्हा मी ओट्यावरच होतो. ती त्याच्याजवळ खाली बसली.

"काका, मनात काही असेल तर मोकळेपणानं बोला. काय होतंय तुम्हाला?"

"काय सांगू बेटा," उकंडा म्हणाला, "आता फेसच होत नाही."

तिनं मान हलवली. "समजतंय मला. पण आपण एकटे नाही ना, काका. सगळे मिळून फेस करू."

"सगळे मिळून?" उकंडा गोंधळला. "त्याले सगळे कायले पायजेत? एकाच माणसाचं काम हाय ते."

"तेच तर चुकतं आपलं. सगळं एकट्यानं फेस करायचं, असं वाटतं पुरुषांना."

"आधी होत होता ना एकट्यानं! वाटीभर होत होता!"

ती त्याच्याकडे फार दयेनं बघू लागली. इंग्रजीतलं ते फेस करणं, म्हणजे संकटाला तोंड देणं, शहरात बोलतात ते, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण शिकलेल्या मुलीला कसं सांगावं या विचारात असतानाच ती उठून आत सत्यभामेकडे गेली. "मावशी, ते स्वतःच म्हणाले, आता फेस होत नाही."

"हो ना बाई," सत्यभामा रडवेली होऊन म्हणाली. "आधी होत होता."

त्या दिवसापासून रात्रीही घरात दिवा चालू राहू लागला.

बाजाराच्या दिवशी मी उकंडाला घेऊन मारेगावला गेलो. सत्यभामेनं मला दोनदा बजावलं, नजर हटू देऊ नका. बाजारात जमीरचं आरसे, फण्या, ब्रश, पावडर असं सामान असतं. माणूस बोलका. उकंडानं त्याच्याकडून घेतलेली साबणाची वडी खिशातून काढून त्याच्यासमोर आपटली.

"जमीरभाई, नकली माल कायले इकतो बे?"

"अरे चाचा, तोबा करो! असली माल है." जमीरनं दुकानातला नवा ब्रश उचलला, घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतून त्यात बुडवला आणि वडीवर फिरवला. फेस उठला. पांढरा, जाड, दह्यासारखा. त्यानं तो सरळ उकंडाच्या गालावर चोपडला. "ये देखो. दूल्हा बना दिया!"

उकंडानं लटकत्या आरशात बघितलं. बोटानं फेस दाबला, पुन्हा फुगला. त्याचं तोंड असं उजळलं की मलाच बरं वाटलं. आजूबाजूची माणसं थांबून बघू लागली. तो कितीतरी वेळ तसाच उभा होता. मग त्याच्या लक्षात आलं की जवळ वस्तरा नाही. जमीरनं लाजत लाजत त्याला पंचा दिला आणि त्यानं तो सगळा फेस पुसून टाकला.

येताना जीपमध्ये तो नवा ब्रश हातात धरून बसला होता. "ब्रशच मेलता वामनभाऊ. उगीच मी सोताले दोष देऊन राह्यलो."

घरी आल्या आल्या त्यानं वाटी काढली. सत्यभामा दारात उभी, मी ओट्यावर. तीच वडी, नवा ब्रश, नळाचं पाणी. फिरवला, फिरवला, फिरवला. कण्या. त्यानं पाणी कमी केलं. कण्या. वाढवलं. नुसतं पांढरं पाणी.

उकंडानं ब्रश खाली ठेवला. "साबन तोच. ब्रश नवा. त्याच्या हातानं होते, माह्या हातानं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मंग हातच गेला म्हना. बाबाचा हात होता, तो गेला."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तोवर मी त्याच्या दाढीला भ्यालो नव्हतो, त्या आवाजाला भ्यालो. पहिल्यांदा मला वाटलं, सत्यभामेचं खरं असेल. की आम्हीच सगळ्यांनी मिळून त्याला तिथवर आणलं होतं? तेही वाटलं.

सत्यभामा पुढं झाली आणि वाटीत वाकून बघू लागली.

"असीच तर येते डाळीवर," ती म्हणाली, आणि जीभ चावून गप्प झाली.

"कोन्या डाळीवर?" उकंडानं विचारलं.

ती पदरानं वाटीचा काठ पुसू लागली.

"कोन्या डाळीवर वो?"

"तुमच्या पान्यात शिजवाले ठेवली का. असीच फुटकी साय येते. अन् डाळ शिजत नाही ते नाहीच."

"आपल्या घरी तं शिजते!"

"ते इहिरीचं पानी असते."

मग सगळं बाहेर आलं. नळ आल्यापासून वस्तीतल्या सगळ्या बाया डाळीपुरतं पाणी जुन्या विहिरीवरून आणत होत्या. उकंडा टाकीवर गेला की जायचं आणि तो यायच्या आत परतायचं. त्याला वाईट वाटू नये म्हणून सत्यभामेनंच ही वेळ ठरवून दिली होती. माझ्या घरातही तेच चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी मुकाट्यानं वरण खात होतो.

तिनं आतून झाकलेली हंडी आणली. धुतलेल्या वाटीत त्यातलं पाणी ओतलं, ब्रश बुडवला आणि उकंडासमोर धरला. त्यानं घेतला नाही. तेव्हा तिनंच वडीवर फिरवला, भांडं घासावं तसा. तिला काही जमत नव्हतं, तरी फेस वाटीच्या काठावरून तिच्या बोटांवर आला.

मला वाटलं आता उकंडा हसेल. तो म्हणाला, "नवा ब्रश हाय. थोडा टाइम घेते. पान्याचं काही नाही."

सत्यभामेनं वाटी खाली ठेवली. ती चिडली होती. "हे पाहा, पानी खराब असन तं तुमी चांगले हा. अन् पानी चांगलं असन, तं तुमचं मन खराब हाय. दोनातलं एक सांगा. मले रात्री झोप नाही, धम्मदीपले तिकडे नाही. जे असन ते सांगा."

"घरात सांगून राह्यलो ना, काही नाही म्हनून."

"घरात नाही. तुमी सगळ्याइले सांगतलं होतं पानी मस्त हाय म्हनून. तसंच सगळ्याइले सांगा. तवा वस्तरा भेटन."

तो उठून निघून गेला. मीही लांबून त्याच्यामागं गेलो. तो टाकीखाली जाऊन बसला आणि वरून गळणाऱ्या थेंबांकडे बघत राहिला. जवळ जावं की नाही ते मला ठरवता येईना. शेवटी मी एका झाडाला टेकून उभा राहिलो, आणि त्यानं मला पाहिलं तेव्हा झाड बघत असल्यासारखं केलं.

सकाळी नळ सुटायच्या वेळी बाया चौकातल्या मोठ्या नळावर जमल्या होत्या. उकंडा चावी फिरवून आला. पाणी सुरू झालं तरी तो गेला नाही. सगळ्याजणी गप्प झाल्या. त्या दिवसांत तो दिसला की व्हायच्याच.

"आइका वो," तो म्हणाला. मान खाली होती. "हे पानी दाढीले चालत नाही. फेस येत नाही याले." मग हातातली चावी चाचपत म्हणाला, "डाळीलेई चालत नाही. तुमाले ठावच हाय. आता लपून जाजा नका. दिवसा जा."

मग मागून हंसाबाई, वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, म्हणाली, "दिवसाच तं जात होतो बाप्पा. तूच वरतं पाहून राह्यलता." बाया हसल्या, हसू आवरेना. उकंडाला हसू आलं की नाही ते दाढीत दिसलं नाही. त्यानं एकीच्या हातातली रिकामी बादली घेतली आणि सगळ्यांच्या देखत नाल्याकडे चालू लागला.

सत्यभामा माझ्याकडे वळली. "आना भाऊजी."

मी पेटीतून वस्तरा आणला. बऱ्याच दिवसांत चामड्याच्या पट्ट्यावर फिरला नव्हता; उकंडानं विहिरीचं पाणी तापायला ठेवून आधी त्याला धार लावली. पंचा पिळून तोंडावर धरला, आणि इतका वेळ धरला की सत्यभामेनं माझ्याकडे बघितलं. मग फेस केला. वाढलेल्या दाढीत तो मुरेना, म्हणून आधी कात्रीनं केस उतरवले आणि पुन्हा लावला. ओट्याखाली वस्तीतल्या बाया उगीच काहीतरी काम काढून थांबल्या होत्या. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा सगळ्यांच्या हातातली कामं थांबली. एका ठिकाणी जरासं कापलं, रक्ताचा बारीक थेंब आला. उकंडानं तुरटी फिरवली आणि म्हणाला, "कायले पाहून राह्यल्या? धार नवी हाय."

खालून त्याचाच जुना चेहरा निघाला. थोडा लहान झालेला वाटला, पण तोच. बाया पांगल्या. शंकरसिंगांना निरोप गेला की उकंडाला टाकीवर चढायला हरकत नाही. मी मनात म्हटलं, चला, पाण्याचाच दोष होता. सगळं एवढंच होतं.

सत्यभामेनं वस्तऱ्यासाठी हात पुढं केला नव्हता. ती वाटी उचलून आत निघाली होती. उकंडानं वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि तिला हाक मारली.

"रोज सकाळी तूच देत जा," तो म्हणाला. "संध्याकाळी ठेवून घे."

तिनं वस्तरा पदरात घेतला आणि आत गेली. उकंडा पुढं कितीतरी वर्षं जगला, आजारानं गेला, आणि शेवटपर्यंत रोज सकाळी तिच्याकडून मागून घेऊनच दाढी करायचा. ते तिच्या झोपेसाठी होतं की त्याच्या स्वतःसाठी, हे मला तेव्हा विचारता आलं नाही. अजूनही कधी एक वाटतं, कधी दुसरं.